बर्फाच्या मागोमाग

मी राहते ते उमेओ शहर दर वर्षी आठ-नऊ मिलिमीटरनं वर येतं. शहरच कशाला, स्वीडनच्या उत्तरेकडचा, बोथनियाच्या आखाताचा हा सगळा किनाराच वर येतोय. हिमयुगात इथं जवळजवळ तीन किलोमीटर जाडीचं बर्फ बसलेलं होतं. त्याच्या ओझ्याखाली दबलेली जमीन बर्फ गेल्यावर वर यायला लागली, ती अजून येतेच आहे. शतकाला जवळजवळ मीटरभर. पणजोबांनी पाण्याला लागून बांधलेल्या होड्यांच्या खोपटांपुढे आता गवत वाढतं आणि पणतवंडांना होडी ढकलत न्यावी लागते. एखाद्या उथळ खाडीचं तोंड आधी अरुंद होतं, मग दगडगोट्यांचा बांध उघडा पडतो, आतलं पाणी समुद्रापासून तुटतं आणि पावसाच्या, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यानं हळूहळू पुरतं गोडं होतं. किनाऱ्याकडे पाठ करून जंगलात चढत गेलं, की पुढचं तळं मागच्यापेक्षा जुनं.

म्हणजे या मुलखात मूळचं असं कोणीच नाही. दहा हजार वर्षांपूर्वी इथं बर्फ होतं, बर्फानंतर समुद्र. पाइनची झाडं, मूस नावाची थोराड हरणं, अस्वलं, माणसं, सगळी नंतर आलेली. मी तर फारच नंतर. पण या आलेल्यांमध्ये माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं ते पाणभुंगेऱ्यांकडे.

पाणभुंगेरा आपल्याकडेही आहे. पहिल्या पावसानंतर रात्री अंगणातल्या ट्यूबलाइटवर काहीतरी जड, काळपट-हिरवं येऊन आपटतं, फरशीवर पडतं आणि चालायला गेलं की धड चालता येत नाही, तो बऱ्याचदा पाणभुंगेराच असतो. मागचे पाय वल्ह्यांसारखे चपटे, त्यांवर केसांची झालर, ते पोहण्यासाठीच. जगात याच्या चार हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. विषुववृत्तापासून दूर गेलं की जीवसृष्टी विरळ होत जाते असं आपण शाळेत शिकतो, आणि ते बहुतेक बाबतीत खरंही आहे. पण एकट्या स्वीडनमध्ये पाणभुंगेऱ्यांच्या दीडशेच्या आसपास जाती आहेत. ग्रीनलंडसारख्या जागीसुद्धा ‘कॉलिम्बेटिस डोलाब्रेटस’ नावाचा एक जण तळ्यांमधून शिकार करत फिरतो.

“एवढ्या थंडीत किडे जगतात तरी कसे गं?” असं आईनं एकदा फोनवर विचारलं होतं. तिला तेव्हा दिलेलं उत्तर फारच त्रोटक होतं. नीट सांगायचं तर सुरुवात श्वासापासून करायला हवी.

पाणभुंगेऱ्याला कल्ले नाहीत. तो हवाच घेतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन शेपटाकडचं टोक बाहेर काढतो, पाठीवरच्या टणक पंखांखाली हवा भरून घेतो आणि खाली जातो. पुष्कळदा त्या टोकाशी एक चंदेरी बुडबुडा लटकलेला दिसतो. हा बुडबुडा म्हणजे नुसती शिदोरी नव्हे. आतला प्राणवायू किडा वापरत जातो तसा त्याचा दाब कमी होतो आणि भोवतीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू बुडबुड्यात शिरतो. म्हणजे हवेचा बुडबुडाच कल्ल्याचं काम करतो. हे चालतं कुठवर? तर बुडबुड्यात नायट्रोजन आहे तोवर. नायट्रोजन हळूहळू पाण्यात जातो, बुडबुडा आकसतो, आणि मग वर यावंच लागतं. रिचर्ड एगे या डॅनिश संशोधकानं 1915मध्ये पाणकिड्यांना निव्वळ प्राणवायूचा साठा देऊन पाहिला. आपल्याला वाटेल, की किडे जास्त टिकतील. ते साध्या हवेपेक्षा लवकर संपले. नायट्रोजनचा आधार नाही म्हटल्यावर बुडबुडाच उरला नाही.

आता यात थंडी घाला. तीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. शून्य अंशाच्या पाण्यात साडेचौदाच्या वर. म्हणजे जवळजवळ दुप्पट. वर गारठ्यामुळे किड्याच्या शरीराची मागणीही उतरलेली. मोठा ‘डायटिस्कस’ हिवाळ्यात बर्फाच्या छताखाली हळूहळू फिरत असतो आणि बर्फाला खालून चिकटलेल्या बुडबुड्यांमधून हवा घेतो. अगदी लहान जातींमधल्या काहींना तर वर येण्याची गरजही फारशी पडत नाही. अंगावरच्या बारीक केसांमधूनच त्यांना थंड, वाहत्या पाण्यातला प्राणवायू मिळतो. आमचं पुण्याकडचं उन्हाळ्यातलं कोमट पाणी उलट त्यांचा जीव काढेल. थंडी ही इथल्या पाणभुंगेऱ्यांची अडचण आहे असं धरून चालणाऱ्यांनी जरा उलटं करून पाहावं.

(हे किडे पकडायला पाण्यात बाटलीचा सापळा लावणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण हे पुष्कळांना सुचत नाही: बाटली संपूर्ण बुडवायची नाही. आत हवेचा कप्पा राहिला पाहिजे. नाहीतर जन्मभर पाण्यात राहणारा हा किडा रात्रीत बुडून मरतो.)

मोठे डायटिस्कस दिसायला देखणे असतात, फोटो त्यांचेच निघतात. माझा जीव मात्र ‘हायड्रोपोरस’वर आहे. तीन-चार मिलिमीटर लांब, तपकिरी, आणि एक जात दुसरीपासून ओळखायची तर सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फुटायची वेळ येते. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या, दलदलीत स्फॅग्नम मॉस या शेवाळासारख्या वनस्पतीची हिरवी-तांबडी गादी असते. तिच्यात गुडघाभर बूट घालून उभं राहायचं, मूठभर मॉस उपटून पांढऱ्या ट्रेमध्ये पिळायचं. खाली बिनदुधाच्या चहासारखं पाणी साचतं. पहिल्यांदा त्यात काहीच नसतं. कोळ्याचं पिल्लू, मॉसचे तुसे, पाइनची एक सुई. थोडं थांबलं, की त्या तुसांतलाच एक कण तिरका सुटतो, ट्रेच्या कडेला धडकतो, कडेकडेनं धावत जातो आणि दुसऱ्या तुसाखाली गडप होतो. मग आणखी एक. पोहायला म्हणावं असं पाणी त्या मॉसमध्ये नव्हतंच. दोन काड्यांमधला ओलावा होता, आणि तेवढ्यात एक शिकारी गिरक्या घेत होता. हे बघायला मिळतं तोवर डासांनी मानेचं काय केलं आहे त्याकडे लक्ष जात नाही. नंतर जातं.

डासांवरून आठवलं. उमेओ विद्यापीठातल्या अँडर्स निल्सन यांनी पाणभुंगेऱ्यांची जागतिक यादी केली, नॉर्डिक देशांतल्या जातींचा ग्रंथ मोगेन्स होल्मेन यांच्या सोबतीनं 1995मध्ये काढला. पण मला त्यांचं जास्त आवडतं ते काम इथल्याच जंगलातल्या डबक्यांवरचं आहे. वसंतात बर्फ वितळलं, की झाडांखाली पाणी साचतं आणि उन्हाळ्यात आटून जातं. अशा डबक्यात ‘अ‍ॅगॅबस’च्या काही जाती अंडी घालून ठेवतात; अंडीच बर्फाखाली हिवाळा काढतात. वितळलेल्या, हात बधिर करणाऱ्या पाण्यात अळ्या बाहेर पडतात, आणि नेमक्या त्याच वेळी तिथं डासांच्या अळ्याही वळवळत असतात. भुंगेऱ्याची अळी वाकड्या, पोकळ जबड्यांनी भक्ष्य पकडते, जबड्यांतूनच पाचकरस आत सोडते आणि विरघळलेलं मांस शोषून घेते. डबकं आटायच्या आत खाऊन-पिऊन मोठं व्हायचं आणि मातीत शिरून कोष करायचा. आपल्याकडे सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळी डबक्यांमध्ये जी घाई असते, तीच इथं. फक्त तिथं पाऊस पाणी आणतो आणि इथं ऊन.

पण ही मंडळी आली कशी? बर्फ मागे सरलं तशा दोन वाटा उघडल्या. एक दक्षिणेकडून, डेन्मार्कमधून. दुसरी पूर्वेकडून, रशिया-फिनलंडला वळसा घालून. अस्वलं दोन्हींकडून आली आणि मध्य स्वीडनमध्ये भेटली, हे त्यांच्या जनुकांवरून कळतं. भुंगेऱ्यांतही दक्षिणेकडचे आणि पूर्वेकडचे असे गोतावळे दिसतात. पण भुंगेऱ्यांची गोष्ट आणखी मागे जाते, आणि ती ज्यानं उकरून काढली तो रसेल कूप हा इंग्रज भूशास्त्रज्ञ. इंग्लंडमधल्या वूस्टरशरमध्ये अप्टन वॉरन नावाच्या गावी रेती-खडीची खाण होती. तिच्यात हिमयुगातल्या जनावरांची हाडं मिळत होती, आणि हाडांबरोबरच्या काळ्या गाळात भुंगेऱ्यांच्या पंखांचे, डोक्यांचे तुकडे. हजारो वर्षांचे, तरी चकाकी टिकवून असलेले. सर्वांचा अंदाज असा होता, की एवढे जुने किडे म्हणजे नामशेष जातींचे असणार. कूपनं तुकडे आजच्या किड्यांशी जुळवत नेले, तर बहुतेक सगळे आजही जिवंत असलेल्या जातींचेच निघाले. फक्त भलतीकडे. इंग्लंडच्या हिमयुगीन गाळात सर्रास सापडणारा एक शेणकिडा, ‘अ‍ॅफोडियस होल्डेरेरी’, आज फक्त तिबेटच्या पठारावर राहतो. पाणभुंगेऱ्यांतही असंच, तेव्हा मध्य इंग्लंडात आणि आता दूर उत्तरेत.

कूपचा निष्कर्ष असा, की हवामान बदललं तेव्हा या किड्यांनी स्वतःत फार बदल केले नाहीत. ते जागा बदलत गेले. मला हे फार पटतं. कुठल्याही कीटकाच्या प्रसाराचा नकाशा आपण त्याच्या घराचा पत्ता म्हणून वाचतो. तो खरं तर मुक्कामाचा कागद असतो. त्यातही तो नकाशा करणाऱ्याच्या पायांचा असतो हे वेगळंच. स्वीडनच्या नकाशावर ठिपके कुठं दाट आहेत पाहिलं, तर विद्यापीठांच्या गावांभोवती आणि मोटार जाते तिथवर.

जागा बदलायची म्हणजे उडायचं. डार्विनला या प्रश्नानं आयुष्यभर सोडलं नाही. ‘बीगल’वर असताना जमिनीपासून पंचेचाळीस मैलांवर एक कॉलिम्बेटिस उडत येऊन जहाजावर उतरला होता, वारा अनुकूल असता तर तो आणखी किती गेला असता कोण जाणे, असं त्यानं पुढे लिहिलं. आणि त्याच्या हयातीतला शेवटचा छापील लेखही याच किड्यावरून निघाला. नॉर्थहॅम्प्टनच्या वॉल्टर ड्रॉब्रिज क्रिक या चपला-बुटांच्या कारखानदाराला फेब्रुवारी 1882मध्ये एक डायटिस्कसची मादी मिळाली. तिच्या पायाला एक बारका शिंपला घट्ट चावून बसलेला. त्यानं डार्विनला कळवलं, मग किडा आणि शिंपला दोन्ही पाठवून दिले. शिंपल्याला पाय नाहीत, पंख नाहीत. मग एका तळ्यातून दुसऱ्यात तो जातो कसा, याचं उत्तर टपालानं घरी आलं. किडा अर्धमेला पोचला होता. त्याला सुटका लवकर मिळावी म्हणून डार्विननं लॉरेलची चिरलेली पानं घातलेल्या बाटलीत त्याला ठेवलं. लेख ‘नेचर’मध्ये 6 एप्रिलला आला, 19 एप्रिलला डार्विन गेला. या क्रिकचा नातू म्हणजे डीएनएची रचना उलगडणारा फ्रान्सिस क्रिक. योगायोगच हा, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

उडणारा किडा वरून तळं शोधतो कसा, तर पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आडव्या दिशेनं ध्रुवित झालेला असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्याच कंप पावतात, आणि ते त्याला दिसतं. खाडी तुटून झालेलं तळं असो, खडीच्या खाणीतला खड्डा असो, बीव्हरनं बांध घालून तुंबवलेला ओढा असो, नवं पाणी फार काळ त्यांच्यापासून लपून राहत नाही. पोचणं हा प्रश्नच नाही म्हणा. पोचल्यावर टिकणं हा आहे, आणि तिथं आडवा येतो मासा.

आमच्या शेजारी एक म्हातारबुवा आहेत. जंगलात त्यांच्या मालकीचं एक तळं आहे, छोटंसं, ओढा न येणारं-न जाणारं, म्हणून मासे नसलेलं. त्यात मी मनसोक्त जाळं फिरवत असे. ‘डायटिस्कस लॅपोनिकस’ तिथं होता: उत्तरेचा खास रहिवासी, मासे नसलेल्या तळ्यांचा भोक्ता. जिलेनहाल या स्वीडिश कीटकतज्ज्ञानं 1808मध्ये त्याला नाव दिलं. (हो, हॉलिवूडचा जेक त्याच घराण्यातला.) एका वसंतात म्हातारबुवांनी नातवंडांना गळ टाकायला मजा येईल म्हणून त्यात ट्राउट सोडले. तळं त्यांचं, मासे त्यांचे, नातवंडं त्यांची. मी काय बोलणार? पुढच्या वर्षी ट्रेमध्ये चिलटांच्या अळ्या होत्या आणि शेवाळाच्या अगदी आत दडलेले दोन-चार बारके भुंगेरे. मोठा डायटिस्कस मानेजवळच्या ग्रंथींमधून एक पांढरट द्रव सोडतो, त्यात कण्याच्या प्राण्यांत आढळणारं संप्रेरक असतं आणि त्यानं मासा त्याला थुंकून टाकतो म्हणतात. पण अळीला हे कवच नसतं. एक पिढी मोठी व्हायलाच मिळाली नाही, की ठिपका पुसला.

हे एका तळ्याचं झालं. युरोपातल्या असंख्य डोंगरी तळ्यांमध्ये हौशी मासेमारीपायी हेच झालं आहे. लॅपोनिकसची एक तुटलेली वस्ती आल्प्समधल्या उंच तळ्यांत आहे. बर्फ उत्तरेकडे सरलं तेव्हा काही जण त्याच्यामागे उत्तरेला गेले, काही जवळच्याच डोंगरांवर चढले आणि तिथंच अडकले. उत्तरेकडच्यांना अजून सरकायला थोडी जागा आहे. आल्प्समधल्यांना वर फक्त कडे आहेत, आणि आहे त्या तळ्यात ट्राउट. सगळ्यांत मोठा ‘डायटिस्कस लॅटिसिमस’, चांगला साडेचार सेंटिमीटरच्या घरात जाणारा, पश्चिम युरोपातून जवळजवळ गेला. स्वीडन, फिनलंड, लाटव्हिया इथं तो टिकून आहे, आणि युरोपीय संघाच्या कायद्याचं त्याला संरक्षण आहे.

प्रसाराच्या नकाशात नुसत्या जातीच नाहीत, नवरा-बायकोची भांडणंही आहेत. डायटिस्कसच्या पुष्कळ माद्यांच्या पंखांवर उभ्या खोल चरा असतात, नर मात्र गुळगुळीत. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनं 1758मध्ये ‘डायटिस्कस मार्जिनॅलिस’ या जातीच्या चरा असलेल्या मादीला वेगळी जात समजून ‘सेमिस्ट्रायेटस’ असं नावही देऊन टाकलं होतं. डार्विनचं 1871मधलं मत असं, की नराला पकड मिळावी म्हणून या चरा. सभ्य काळातलं सभ्य स्पष्टीकरण! नराच्या पुढच्या पायांना चूषकं असतात, त्यांनी तो मादीच्या पाठीला चिकटतो. चूषक चिकटतं ते गुळगुळीत पृष्ठभागाला. चरांवर ते सुटतं. मीलन तासन्‌तास चालतं, त्या वेळात मादी पाण्याखाली दाबलेली राहते आणि श्वासासाठी वर येणं तिच्या हातात राहत नाही. तिनं खरखरीत होणं म्हणजे निमंत्रण नव्हे, नकार आहे. ‘ग्राफोडेरस झोनेटस’ या दुसऱ्या एका पाणभुंगेऱ्याच्या माद्या दक्षिणेत गुळगुळीत असतात, उत्तरेकडे खरखरीत पाठीच्या माद्याही दिसतात आणि त्यांचं प्रमाण जागोजागी बदलतं. योहानेस बर्गस्टेन, निल्सन आणि आणखी एका सहकाऱ्यानं 2001मध्ये दाखवलं, की जिथं खरखरीत माद्या जास्त, तिथल्या नरांच्या पायांवर चूषकंही जास्त. एक पाऊल तिचं, एक त्याचं. बघायला आलं कुणी तर मी ग्राफोडेरसची मादी भिंगाखाली धरते आणि आधी काहीच सांगत नाही. बायकांना बहुधा लवकर उमगतं.

गेल्या उन्हाळ्यात म्हातारबुवा सकाळीच दारात आले. हातात बादली. त्यांच्या लाल गाडीच्या टपावर रात्रभरात एक ‘काळं अजस्र’ येऊन पडलं होतं. लाल आणि काळ्या गाड्यांचे टप किड्यांना पाण्यासारखे भासतात, हंगेरीतल्या संशोधकांनी ते मोजून दाखवलं आहे. पाणीच समजून हा उतरला होता आणि पत्र्यावर पोहायचा प्रयत्न करून दमला होता. पोटाकडे पिवळाजर्द. लॅपोनिकस नर. मी त्यांना पायांची चूषकं दाखवली, पंखांखालची हवा दाखवली, डार्विनचा शिंपलाही सांगून टाकला. ते लक्ष देऊन ऐकत होते.

“मग याला माझ्या तळ्यात सोडू?” त्यांनी विचारलं.

“त्यात ट्राउट आहेत.”

ते गप्प झाले. मग आम्ही त्याच गाडीतून दलदलीपलीकडच्या एका तळ्याकडे गेलो. रस्ता संपल्यावर बादली त्यांनीच धरली. वाटेत त्यांनी विचारलं, तिथं त्याला नाही आवडलं तर? मी म्हटलं, उडून जाईल. त्यावर त्यांनी, अशा गाड्या काळ्या-लाल सोडून कुठल्या रंगाच्या घ्याव्यात, हे मला तिथल्या तिथं विचारून घेतलं.